कवळीला परवानगी

दात पडायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हातारपण विचारत नाही, जिन्याची निसरडी पायरी विचारत नाही, तापलेला शेजारी तर मुळीच विचारत नाही. मग नवे दात बनवायला परवानगी का लागावी? प्रश्न सरळ आहे आणि तो कवळ्या कापायचे यंत्र बनवणाऱ्या त्या कंपनीला आहे. तुम्ही यंत्र विकलेत, हात झटकलेत, आणि जाता जाता त्याच्या कानात सांगून गेलात की दर कवळीआधी आम्हाला विचार, आम्ही हो म्हटले तरच पाते फिरव. ज्याच्या छपराखाली ते उभे आहे, ज्याची वीज ते खाते, त्याला विचारायचे नाही. तुम्हाला! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, म्हणून पुढचा प्रकार झाला.

झाला तो एका दातांच्या दवाखान्यात. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढत, मागच्या खोलीत त्यांचे वडील कवळ्या बनवत, आई प्लास्टर कालवून साचे पाडत, आणि डॉक्टरीणबाईंचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, उरलेले सगळे करत असे. उरलेले सगळे म्हणजे फोन, रुग्णांच्या वेळा, तारा आणि बोलणी खाणे. लग्न झाले त्याच आठवड्यात त्याने अडकलेला प्रिंटर सोडवून दाखवला होता. तो मोह नडला. तेव्हापासून घरात जे जे लुकलुकते ते त्याच्या गळ्यात पडले होते.

सासऱ्यांना यंत्रांना नावे ठेवायची सवय होती, दोन्ही अर्थांनी. कवळी कापणारे यंत्र कपाटाएवढे आणि सदा घुमणारे, म्हणून तो पैलवान. जबड्याच्या साच्याचे चित्र टिपणारे यंत्र म्हणजे डोळा. सासऱ्यांनी उभा जन्म हाताने कवळ्या घडवल्या. आता बोटे थरथरायला लागली म्हणून पैलवान आणला, पण त्याच्याशी त्यांचे कधी जमले नाही. सवतीकडे बघावे तसे ते त्याच्याकडे बघत.

त्या दुपारी पैलवानाच्या पडद्यावर एक गोल चक्र फिरत होते. खाली लिहिले होते, ‘परवानगी तपासत आहोत.’ चक्र फिरले, फिरले, थांबले. ‘कंपनीशी संपर्क झाला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

“झालं,” सासरे म्हणाले. “आजारी पडला तुमचा पैलवान.”

यंत्र बिघडले की ते जावयाचे होई. चालू असले की घराचे.

पुढच्या खोलीत रुग्णाच्या खुर्चीवर बँडमास्तर तोंडाला रुमाल लावून पडले होते. माणूस जन्मभर ट्रम्पेट वाजवत आलेला. संध्याकाळी बागेत त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम होता आणि शेवटची धून ते एकटे वाजवणार होते. पण काल तालमीत वरचा सूर लावताना जुनी कवळी सुरासकट बाहेर आली आणि मोठ्या ड्रमवाल्याच्या बुटाखाली गेली. ट्रम्पेटला ओठ लावायचे तर मागे दातांची भिंत लागते. भिंत नसेल तर निघते ती नुसती फुसफुस. त्यांच्या जबड्याचा साचा कालच घेतला होता, डोळ्याने त्याचे चित्र टिपले होते, डॉक्टरीणबाईंनी संगणकावर नवी कवळी रेखून ठेवली होती. फक्त कापायची राहिली होती.

कवळी झाली नाही तर शेवटची धून मेहुणा वाजवणार होता. मेहुणा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा भाऊ, बँडातला दोन नंबरचा ट्रम्पेटवाला. कितीतरी वर्षे तो दोन नंबरवर बसून होता आणि आज सकाळपासून मास्तरांना फोन करत होता. बिनदातांचे तोंड बायकांसमोर उघडायचे नाही असा मास्तरांचा बाणा. त्यामुळे फोन वाजला की ते तो मुकाट डॉक्टरीणबाईंकडे धरत.

“भाऊजी, जिवाला लावून घेऊ नका हो,” फोनमधून मेहुण्याचा आवाज आला. “मी आहे ना! मी तर कोटसुद्धा इस्त्री करून ठेवलाय.”

“दात होताहेत त्यांचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोट कपाटात ठेवा.”

फोन ठेवून त्या मागच्या खोलीत आल्या. आईवडिलांसमोर त्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणत. ‘अरे’ निघाले की जावई सावध होई.

“अरे, काय चाललंय काय? माणूस रडकुंडीला आलाय तिकडे.”

“नेट आहे,” जावई म्हणाला. “पण नाहीये.”

“हे काय उत्तर झालं?”

उत्तर खरे होते. संगणकावर एखादे पान उघडायला जावे तर तो आधी बराच वेळ ढिम्म बसे आणि मग काहीच घडले नसावे तसे पान फटकन उघडे. मध्येच एखादे लगेच उघडे. पैलवानाला मात्र इतका दम नव्हता. तो जरा वाट बघे, आणि ‘संपर्क झाला नाही’ म्हणून तोंड फिरवे.

“तार गेली असणार,” सासरे म्हणाले. त्यांच्या मते जगातले सगळे बिघाड तारेत असतात. ते टेबलाखाली शिरले, हाताला लागली ती तार उपटली, आणि पुढच्या खोलीतला फोन मेला.

“बाबा, ती नव्हे!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

“मग सगळ्या एकाच रंगाच्या कशाला आणल्यास?”

जावयाने तार जागेवर लावली आणि कंपनीच्या मदतकेंद्राला आपल्या मोबाइलवरून फोन लावला. तिथे आधी गाणे लागले. मग एक आवाज म्हणाला की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग पुन्हा गाणे. एवढा मोलाचा होता तर उचलायला काय झाले होते, हे त्या कंपनीने कधीतरी सांगावे. शेवटी एक बाई बोलल्या. आवाजात साखर घोळलेली.

“सर, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय.”

“आमच्याकडे लाल दिसतंय.”

“हो सर, पण आमच्याकडे हिरवं आहे. तुम्ही तुमची तक्रार आमच्या संकेतस्थळावर नोंदवता का?”

“अहो, तुमचं संकेतस्थळच लागत नाही, हीच तक्रार आहे!”

“हो सर, तेच तिथे नोंदवा.”

जावयाने कपाळ भिंतीला टेकले. “बरं, यंत्राला वेगळ्या वाटेनं विचारायला सांगतो. त्याचं कुलूप तेवढं उघडून द्या, त्यातली मांडणी बदलायचीय.”

“ते आमचा तंत्रज्ञच उघडतो सर. पुढच्या आठवड्यात पाठवू?”

“माणसाला आज संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायचंय!”

“अच्छा. मग तुम्ही असं करा सर, सगळं एकदा बंद करून चालू करा. सगळं म्हणजे अगदी सगळं.”

बुडत्याने काडी धरावी तसे जावयाने मुख्य बटण खाली ओढले. खोलीत अंधार झाला, कारण प्लास्टरची धूळ रस्त्यावर जाऊ नये म्हणून मागच्या खिडक्या कायम लावलेल्या असत. अंधारात काहीतरी बदकन वाजले आणि पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज आला.

“ही बादली इथे कुणी ठेवली?”

“रोज तिथेच असते,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “काढा पाय लवकर. प्लास्टर आहे, धरेल.”

दिवे आले तेव्हा सासऱ्यांचा एक बूट घोट्यापर्यंत पांढरा झाला होता. पुढच्या खोलीत रुग्णाची खुर्ची वीज येताच आपल्या मनाने हलली आणि मास्तरांचे पाय वर, डोके खाली करून थांबली. मास्तर ओरडले नाहीत. बाणा म्हणजे बाणा. त्यांनी फक्त एक हात वर करून हवेत ट्रम्पेटच्या कळा जोरजोरात दाबल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ केले.

पैलवान घुमत जागा झाला. चक्र फिरले. ‘संपर्क झाला नाही.’ आणि आता संगणकावर मध्येच एखादे पान लगेच उघडायचे तेही बंद झाले. कंपनीच्या सल्ल्याने दुखणे वाढले. आधी अधूनमधून शुद्ध होती, आता तीही गेली.

पुढे फोन वाजला. “भाऊजी, मी जरा लवकरच निघतो. बागेत जाऊन सूर लावून बघतो. काही निरोप?”

मास्तरांनी फोनकडे असे पाहिले की निरोप छापता आला नसता.

“हे बघ पोरी,” सासरे पांढरा बूट ठक ठक वाजवत पुढे आले, “मी हातानं करतो.”

“बाबा, हातानं दोन दिवस लागतात.”

“तीनसुद्धा लागतील. पण दातांना विचारून करतो मी, कंपनीला विचारून नाही.”

सासरे सहसा बरोबर नसत, पण या वेळी होते. जावई संगणकापुढे बसला आणि प्रथमच हातपाय न मारता विचार करू लागला. त्याने कंपनीचे नाव टाकले. संगणक ढिम्म. मग त्याने नाव सोडले आणि बाहेरच्या एका यंत्राचा नुसता आकडी पत्ता टाकला. उत्तर तत्काळ आले. पुन्हा नाव, पुन्हा ढिम्म. पुन्हा आकडे, पुन्हा तत्काळ.

“तार शाबूत आहे!” तो उठून उभा राहिला.

“मी कुठे नाही म्हटलं?” सासरे म्हणाले.

“काय झालंय सांगतो. यंत्रांना नावं कळत नाहीत. त्यांना आकड्यातला पत्ता लागतो. आपण नाव सांगितलं की यंत्र आधी कुणाला तरी विचारतं, बाबा रे, या नावाचे राहतात कुठे? या विचारपुशीला डीएनएस म्हणतात. ती विचारपूस अडकलीय. विचारायला जातंय, पण समोरून उत्तरच येत नाही. संगणक चिवट आहे, तो थोडा वेळ तिष्ठतो आणि मग बाहेर दुसऱ्या कुणाला तरी विचारून येतो. पैलवान उतावळा. तो दारातूनच परत फिरतो.”

“पण विचारतात कुणाला?” सासूबाईंनी विचारले.

जावयाचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. उत्तर त्याला ठाऊक होते आणि ते त्याच्यावरच येत होते.

पैलवान घरात आला तेव्हा सासऱ्यांनी हट्ट धरला होता की संगणकावरही यंत्रांची नावे आपण ठेवली तीच दिसली पाहिजेत. पैलवान म्हणजे पैलवान, तिथे कंपनीचे लांबलचक बारसे चालणार नाही. म्हणून जावयाने एक लहानशी पत्र्याची डबी आणली होती. आत इवलासा पंखा, बाहेर एक दिवा. घरातली सगळी नावे आणि पत्ते तिला पाठ. बाहेरचे एखादे नाव असेल तर ती बाहेर विचारून सांगे. दवाखान्यातल्या प्रत्येक यंत्राने कुठलेही नाव निघाले की आधी तिच्याकडे जायचे. सासऱ्यांनी तिचे नाव ठेवले होते चौकशीबाई. ती इतकी बिनबोभाट काम करत आली की जावई तिला साफ विसरला होता. घरात जो तक्रार करत नाही त्याचे असेच होते.

“चौकशीबाई कुठेय?” तो ओरडला.

“असेल की कुठेतरी फळीवर,” सासरे म्हणाले.

“कुठल्या फळीवर?”

“ती गरम डबी होय?” सासूबाई म्हणाल्या. “ती ना, माझ्या फळीवर आहे. फार गुणाची आहे हो. ओला साचा तिच्यावर ठेवला की कसा छान वाळतो.”

सगळे फळीकडे धावले. सासरे ठक ठक करत मागून आले. फळीवर चौकशीबाई नव्हती. तिथे एक जबडा होता. प्लास्टरचा, चांगला ऐसपैस, वरचा आणि खालचा एकावर एक. त्याच्याखाली निळ्या लोकरीचे काहीतरी होते, आणि त्या लोकरीला बारीकसे बटण होते.

“हा जबडा कुणाचा?” जावयाने विचारले, पण तोपर्यंत त्याला कळले होते.

“मास्तरांचाच की. काल डोळ्याने टिपला आणि मग वाळायला ठेवला. घाईचं काम होतं ना.”

“आणि हे लोकरीचं?”

सासूबाई जराशा लाजल्या. “झबलं. कालच विणून झालं. तुम्हीच म्हणाला होतात ना जावईबापू, आई, हिच्यात धूळ जाऊ देऊ नका. सगळ्या यंत्रांना झबली झाली, ही एकटीच उघडी होती. म्हटलं, तुमचा शब्द कशाला मोडा.”

जावयाने बटण काढले, झबले सोडवले. डबी इतकी तापली होती की ती त्याने या हातातून त्या हातात टाकली. पंखा फिरत नव्हता. पत्र्याच्या फटींत प्लास्टरची धूळ बसून घट्ट झाली होती. ती झबल्याच्या आधीपासूनची असणार. ओल्या साच्यांनी तिला ओलावा दिला आणि कालच्या जबड्याने वरून झाकण लावले. आतली बिचारी उकडून निघत होती आणि तरी दुपारपर्यंत धापा टाकत कुणाकुणाच्या चौकशा करत होती. मग कंपनीच्या साखरबाईंनी तिला बंद करून चालू करायला लावले आणि त्या उठण्यात तिचा दम गेला.

“म्हणजे,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, “मास्तरांचे दात अडले ते मास्तरांच्याच जबड्याखाली?”

जावयाने ब्रशने फटी घासल्या. वरची धूळ निघाली, आतली हलेना. सासऱ्यांनी टाचणी आणली. फुंकर घातली, ती त्यांच्याच डोळ्यांत आली. सासूबाईंनी फुंकर घातली. जावयाने इतकी घातली की त्याला भोवळ आली.

तेव्हा त्याच्या खांद्यावर कुणीतरी बोट ठेवले. मास्तर होते. रुमाल तोंडाला तसाच. त्यांनी जावयाला बाजूला सारले, ओट्यावरच्या गॅसच्या बर्नरची रबरी नळी सोडवून घेतली, डबीच्या फटीला एक टोक लावले, बायकांकडे पाठ केली, रुमाल खिशात ठेवला आणि दुसरे टोक तोंडात धरले. ट्रम्पेटला दात लागतात. नळीला नुसती छाती लागते.

मास्तरांची छाती वर आली. ती इतका वेळ वर येत राहिली की सासूबाईंनी नकळत मास्तरांच्या सदऱ्याच्या बटणांकडे पाहिले.

आणि मग त्यांनी फुंकले. दुपारभर अडवलेले सगळे त्यात होते. मेहुण्याचा कोट होता, उलटी झालेली खुर्ची होती, साखरबाईंचे हिरवे होते. फटींतून पांढरा लोट उसळला, खोली भरून गेली, आणि लोट बसला तेव्हा घरातले सगळे एकाच पांढऱ्या पिठाच्या गोणीतून काढल्यासारखे दिसत होते. सासऱ्यांचा बूट आता उठून दिसत नव्हता.

त्या शांततेत एक बारीक घूंऽऽ असा आवाज आला. चौकशीबाईचा पंखा फिरत होता.

मास्तरांनी थांबावे म्हणून जावयाने हात केला, पण ते थांबेनात. नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाने वारा चालू ठेवायचा ही त्यांची जन्माची सवय. डबी निवेपर्यंत ते फुंकत राहिले, न तुटता, एका लयीत. जावयाने ती हळूच पुन्हा चालू केली. दिवा लाल झाला. पिवळा झाला. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. हिरवा झाला.

पैलवानाचे चक्र जेमतेम अर्धे फिरले. ‘परवानगी मिळाली.’

आणि पैलवान दात कापू लागला. ती घरघर ऐकून डॉक्टरीणबाई स्टुलावर मटकन बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, पाणी द्या.” ‘अहो’ ऐकून जावयाचाही जीव भांड्यात पडला. सासरे पैलवानाजवळ उभे राहून पात्याकडे बघत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, “दाढेचा उतार बरा काढतोय.” पैलवानाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला बरा शब्द.

कवळी धुतली, घासली, चकाकवली. डॉक्टरीणबाईंनी ती मास्तरांच्या तोंडात बसवली, इथे थोडी, तिथे थोडी कानशीने खरवडली, पुन्हा बसवली. मास्तरांनी दात मिटले, उघडले, जिभेने सगळीकडे फिरून खात्री केली. दिवसभरात त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता ते पहिले काय बोलतात म्हणून घरभर कान टवकारले गेले.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी तो स्वतः घेतला.

“भाऊजी, मी बागेत पोचलो. लोक यायला लागलेत.”

“छान,” बँडमास्तर म्हणाले. एकेक अक्षर सुटे आणि स्वच्छ. “माझी खुर्ची पुसून ठेव.”

मग त्यांनी पेटी उघडून ट्रम्पेट काढले आणि दवाखान्यातच एक सूर लावला. लांब, भरघोस, सरळ. औषधांच्या बाटल्या थरथरल्या, समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. कवळी जागची हलली नाही. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल उमटले.

मास्तर गेल्यावर जावयाने चौकशीबाईला उंच, उघड्या, कोरड्या फळीवर बसवले. झबले टाकवेना. ते त्याने मोबाइलला घातले. सासूबाईंना तेवढे पुरले.

कार्यक्रमाला निघताना डॉक्टरीणबाईंनी दिवे मालवले, तर पैलवानाचा पडदा उजळलेलाच होता. ‘आज आमची सेवा कशी वाटली? कृपया सांगा.’ खाली लिहायला जागा होती.

“सोडा हो,” त्या म्हणाल्या. “धूळ आपली, जबडा मास्तरांचा, झबलं आईचं. त्यांचा काय दोष?”

“दोष नाही,” सासरे दारातून म्हणाले. बूट बदलला होता, पण चालीत अजून ठक ठक होती. “पण प्रश्न आहे. लिहा, जावईबापू, मी सांगतो.”

जावई लिहू लागला.

‘धूळ आमची, कबूल. ती आम्ही झाडली. पण आमच्या खोलीत, आमच्या यंत्रावर, आमच्या रुग्णाचे दात करायचे, आणि परवानगी मागायला जायचे ते तुमच्या दारी, हे कशासाठी? उद्या तुमचाच पंखा थांबला तर आमच्या माणसांनी जेवायचे कशाने? त्यांचे दात पडले तेव्हा तुम्हाला कुणी विचारले होते का? मग बसवताना का विचारायचे? गाणे लावू नका, हिरवे दाखवू नका. उत्तर द्या.’